खुर्च्या उचला

भोईर गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मीच सगळ्यांना दिली. रविवारी सकाळी, बदलापूरच्या एका इस्पितळाच्या जिन्यात उभं राहून, एकेकाला फोन लावून... "सुदाम भोईर गेले. हो, आपले भोईर. हो हो, ते सीपीआर शिकवणारे. माझ्याच घरी. बोलता बोलता." पलीकडून जो तो म्हणायचा, "अरे देवा! पण सर, तुम्ही जवळ होतात म्हणजे निदान..." आणि मी "हं" म्हणून फोन ठेवायचो आणि पुढचा नंबर लावायचो. त्या "निदान"च्या पुढचं वाक्य सात आठवड्यांत मी कुणालाही पुरं करू दिलेलं नाही. आज ते मीच पुरं करणार आहे. संपादकांनी भोईरांच्या आठवणी लिहायला जागा दिली आणि मी तिचा असा उपयोग करतोय, याबद्दल त्यांनी माझ्यावर रागवावं, पण छापावं एवढीच विनंती.

मी बोलणारा माणूस. उल्हासनगरच्या एका कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवलं आणि उरलेल्या वेळात व्याख्यानं दिली. अंबरनाथ-बदलापुरात अशी व्याख्यानमाला नसेल जिथे मी बोललो नाही, आणि जिथे बोलायला मिळालं नाही तिथे निदान आभार तरी मानले. घरात शालींचा असा ढीग झाला होता की हयात असताना आमची ही म्हणायची, "आता एखाद्या लग्नाचा मांडव घालू या त्यांचा." भोईर म्हणजे अगदी दुसऱ्या टोकाचे. मूळचे इथलेच, शेतकऱ्याच्या घरचे. जमिनी रस्त्यांत नि बिल्डिंगांत गेल्या आणि हे अंबरनाथ एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. बोलणं तुटक, आवाज मशीनच्या गोंगाटात कमावलेला, म्हणजे कानात सांगितलेलंही तीन घरांना ऐकू जायचं.

आमची ओळख भांडणातूनच झाली म्हणा ना. वाचनालयात माझं भाषण होतं, सावध नागरिक, सजग समाज असं काहीतरी. तासभर रंगवलं मी. टाळ्या झाल्या. शेवटच्या रांगेतून हा कारखान्याच्या खाकी शर्टातला माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "सर, बोललात एकदम भारी. पण यातलं उद्या सकाळी उठून मी काय करू?" सभागृहात हशा. मी म्हणालो, "प्रश्न फार चांगला आहे." उत्तर नसलं की वक्ते असंच म्हणतात. पुढची दोन मिनिटं मी त्या प्रश्नाभोवती सुरेख फिरलो आणि पाणी प्यायलो. बाहेर आलो तर हा गृहस्थ चहाचे दोन कप घेऊन उभा! "राग नका धरू. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं," म्हणाला. असा राग आला होता मला... आणि तरी मी चहा घेतला. तिथून पुढे अकरा वर्षं बहुतेक रविवार आम्ही बरोबर काढले.

त्यांनी तो प्रश्न का विचारला होता ते पुष्कळ उशिरा कळलं. त्यांच्या कारखान्यात एकदा सुरक्षा सप्ताहात एका पाहुण्यांचं व्याख्यान झालं होतं, माणूस कोसळला तर काय करावं यावर. पडद्यावर चित्रं, नंतर समोसा नि चहा, सगळं झकास. तीनच दिवसांनी भोईरांच्या शेजारच्या मशीनवरचा त्यांचा मित्र काम करता करता खाली बसला आणि आडवा झाला. भोवती चाळीस जण गोळा झाले. सगळ्यांनी ते भाषण ऐकलं होतं. एकही जण वाकला नाही. "मीपण उभाच होतो सर," भोईर मला म्हणाले. "मला सगळं आठवत होतं. त्या पाहुण्याचा कोट कुठल्या रंगाचा होता ते पण आठवत होतं. पण हात येईनात. हातांना कोणी सांगितलंच नव्हतं ना!" मग हा माणूस सुट्ट्या टाकून मुंबईला जाऊन रीतसर शिकला, परीक्षा दिली, कागद घेऊन आला आणि रविवारी लोकांना शिकवायला लागला.

शिकवायला म्हणजे कसं, तर हॉलवर पोचल्या पोचल्या पहिली ऑर्डर सुटायची, "खुर्च्या उचला!" आयोजकांनी सकाळपासून मांडलेल्या खुर्च्या. लोक चक्रावायचे. "अहो, पण लोक बसणार कुठे?" "बसणार नाहीत. गुडघ्यावर येणार." खुर्च्या भिंतीला लागल्या की सतरंजी, आणि सतरंजीवर पाहुणा. हा पाहुणा म्हणजे भोईरांनी घरी बनवलेला पुतळा. गोणपाटाचं अंग, जुन्या सोफ्याचा फोम, छातीत कुठल्याशा गाडीची जाड स्प्रिंग, बरोबर दाबली गेली तर ती खट्‌ करून वाजायची. अंगावर भोईरांचाच कारखान्याचा खाकी शर्ट. "आजचे आपले प्रमुख पाहुणे," असं म्हणून ते त्याला नमस्कार करायचे. प्रत्येकाने दोन मिनिटं त्याची छाती दाबायची, न थांबता, खट्‌ खट्‌ आवाज आला पाहिजे. ज्याची दोन मिनिटं पुरी होतील त्याने मार्करने त्या शर्टावर आपलं नाव लिहायचं. एवढंच प्रमाणपत्र. हळूहळू तो शर्ट पाठीपोटावर, बाह्यांवर नावांनी भरून गेला. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, एक-दोन सिंधीतसुद्धा.

आणि माझं काम? प्रास्ताविक. मीच मागून घेतलेलं. भोईरांना माईकवर बोलणं जमत नसे, मग पहिली दहा मिनिटं मी. "मित्रहो, व्याख्यान कानांत उतरतं, कार्यशाळा हातांत उतरते..." हे माझं पेटंट वाक्य, प्रत्येक वेळी टाळी घेणारं. तळहाताची टाच छातीच्या मधोमध, दुसरा हात वर, कोपर ताठ, खाली जमीन कडक हवी, गादी चालणार नाही... सगळं मला तोंडपाठ. भोईर म्हणायचे, "सर बोलतात ते मी करून दाखवतो. आमची जोडी आहे." आणि दर वेळी शेवटी, लोक उठायच्या बेताला, हळूच माझ्याकडे बघायचे. "सर, आज?" मी म्हणायचो, "अहो, मला येतं ते." कधी पांढरी पँट असायची, कधी गुडघा दुखत असायचा, कधी पुढच्या कार्यक्रमाला पोचायचं असायचं. खरं सांगू? विद्यार्थ्यांसमोर, ओळखीच्या लोकांसमोर चारपायी होऊन एका गोणपाटाच्या छातीवर हेलकावे खायची मला लाज वाटत होती. दुसरं काही नाही.

उल्हासनगरला कापड दुकानदारांच्या हॉलमध्ये एकदा गंमत झाली. एक सिंधी आजी होत्या, सत्तरी उलटलेल्या, अजून स्वतः गल्ल्यावर बसणाऱ्या. म्हणाल्या, "अरे साईं, मैं नीचे बैठ गई तो उठाएगा कौन?" भोईर म्हणाले, "माताजी, पूरा मार्केट उठाएगा." बसल्या बाई! ओढणी कमरेला खोचली आणि दिली सुरुवात. दोन मिनिटं, खट्‌ खट्‌ खट्‌, घामाघूम झाल्या, पण सोडलं नाही. सगळा हॉल मोजत होता. चौघांनी धरून उठवल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "आप नहीं करोगे, सर जी?" मी हातातला माईक दाखवून म्हणालो, "मैं तो सूत्रसंचालन करता हूँ." आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "अच्छा" म्हणाल्या. एका "अच्छा"त माझी सगळी व्याख्यानं आली. घरी येताना रिक्षात भोईर खो खो हसत होते. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोललो नाही.

बदलापूरला मांजर्लीत मी राहतो तिथे नदी जवळ, पाणी भरतं. एका पावसाळ्यात पाहुणा माझ्याकडे होता, तळमजल्यावरच्या सोसायटीच्या खोलीत ठेवलेला, आणि एका दुपारी पाणी चढलं. ओसरल्यावर भोईर अंबरनाथहून धावत आले, आधी माझी विचारपूस, मग लगेच, "आणि पाहुणे?" चिखलाने माखलेला पाहुणा आम्ही दोघांनी गच्चीवर नेऊन धुतला आणि उन्हात पसरला. शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी वरून पाहिलं आणि असा काही हंबरडा फोडला की खाली पन्नास माणूस जमा! "अहो काकू, तो आपलाच आहे," असं भोईर गच्चीवरून ओरडून सांगत होते, त्याने तर लोक आणखीच घाबरले. हसून हसून पोट दुखलं माझं. शर्ट मात्र त्यांनी मला धुवू दिला नाही. मी मशीनला लावतो म्हणालो, तर म्हणाले, "नको, तो मी घरी धुतो. माझी पद्धत आहे." असेल काही खूळ, म्हणून मी सोडून दिलं.

त्या रविवारी ते आले तेही नेहमीच्या वादासाठी. आमच्या वाचनालयाचा कार्यक्रम ठरत होता. हॉल नवा केलेला, खुर्च्या जमिनीला बोल्टने पक्क्या केलेल्या. मी म्हणत होतो, या वेळी तुम्ही व्याख्यानच द्या, मी लिहून देतो, तुम्ही फक्त वाचा. भोईर म्हणत होते, मग पार्किंगमध्ये घेऊ या. "अहो भोईर, पार्किंगमध्ये कोण येतं? जरा प्रतिष्ठेने करू या की एकदा." "प्रतिष्ठा खाली बसली की मळते काय सर?" असं म्हणाले, हसले, आणि चहाचा कप टेबलावर ठेवायला गेले तो कप टेबलाच्या कडेवरून घसरला. मला वाटलं, हात चुकला. मग ते स्वतः खुर्चीवरून एका कुशीवर खाली आले.

आता लिहितो. मला सगळं आठवत होतं. मी त्यांना हाक मारली, खांदा हलवला. श्वास नव्हता. रुग्णवाहिकेला फोन लावला, पत्ता बिनचूक सांगितला. खाली फरशी होती, म्हणजे जमीन कडक, हेसुद्धा माझ्या मनात आलं. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण काढलं. आणि डोक्यात माझाच आवाज सुरू झाला, माईकमधून येतो तसा, "मित्रहो, तळहाताची टाच..." मी हात पुढे केले. किती जोर? बरगडी मोडली तर? जागा हीच की जरा खाली? अकरा वर्षं मी दुसऱ्यांना ते करताना पाहत होतो आणि माझ्या हातांना त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मी हात मागे घेतले. उठून दार उघडलं आणि पॅसेजमध्ये ओरडलो.

समोरच्या घरातली कविता, एमआयडीसीत पॅकिंगला जाते, पहिली पाळी नव्हती म्हणून घरी होती, ती धावत आली. मी तिला सांगायला लागलो, "हे बघ, भोईर आहेत, आधी छातीच्या मधोमध..." ती माझं ऐकतच नव्हती. गुडघ्यावर आली, कोपर ताठ केलं आणि सुरू झाली. मोजता मोजता मान वर न करता तिने विचारलं, "सर, तुम्ही सुरू नाय केलं?" गाडी येईपर्यंत ती थांबली नाही. तिचे केस तोंडावर आले होते, ते मी मागे करत होतो. तेवढंच काय ते मी केलं.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, तसंही कठीणच होतं. तसंही... या शब्दाला धरून मी सात आठवडे काढले. तो शब्द धड सोडतही नाही आणि धड शिक्षाही करत नाही. कविता येईपर्यंत मी घालवलेली ती चार मिनिटं भोईरांच्या कामी आली असती की नसती, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण तीस माणसांच्या हॉलमध्ये "एकेक मिनिट मोलाचं" हे मीच म्हणायचो ना, बोट वर करून!

शोकसभा त्याच नव्या हॉलमध्ये झाली. पक्क्या खुर्च्यांत लोक रांगेने बसले होते. मी चाळीस मिनिटं बोललो. देवाशपथ सांगतो, आयुष्यात इतकं चांगलं कधी बोललो नव्हतो. लोक रडले. मीही रडलो, ते मात्र खरं होतं. नंतर एकेक जण हात हातात घेऊन म्हणत होता, "शेवटी तुमच्यासारखा जाणकार जवळ होता, हेच समाधान." कविता मागे उभी होती. तिने कुणाला काही सांगितलं नाही. भोईर वहिनी आल्या, हात जोडले, काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं मी दुःखाच्या खात्यात टाकलं आणि घरी आलो.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "भावजी, याला घेऊन जा. झाडू मारायला वाकते तर दिवाणाखाली यांच्या शर्टातला माणूस दिसतो." अंबरनाथ पश्चिमेला त्यांच्याकडे गेलो. वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या, मला प्लॅस्टिकची खुर्ची दिली. पाहुणा सतरंजीवर बाहेर काढून ठेवला होता. मला त्याच्याकडे बघवेना. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग मीच म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी हात लावला नाही. मला जमलं नाही. कविता येईपर्यंत मी नुसता..."

त्यांचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. "माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कविताने सांगितलं?"

"ती कशाला सांगेल? तिचं नाव आहे शर्टावर. तुमचं नाय. तुम्हाला येणार कुठून?" मग मेथीची जुडी खाली ठेवून माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "लय राग आला होता मला. तुम्ही सभेत बोलत होतात ना, तेव्हा वाटलं उठावं आणि माईक काढून घ्यावा तुमच्या हातातून. सगळी रडतायत, आणि हा माणूस बोलतोय." मी मान खाली घातली.

मग त्या खाली सतरंजीवर बसल्या आणि पाहुण्याच्या शर्टाचा डावा खिसा त्यांनी तळहाताने सपाट केला. "हे बघितलंत कधी?" अख्ख्या शर्टावर बोट ठेवायला जागा नाही, नावावर नाव चढलेलं, पण खिशावर एक चौकट कोरी होती. पेन्सिलने आखलेली, पट्टी लावून, फिटरच्या हाताची सरळ. तिच्या आत कोपऱ्यात बारीक अक्षरांत, पेन्सिलनेच, "सर" असं लिहिलं होतं.

"इथे कोणाला लिहू द्यायचे नाहीत," वहिनी म्हणाल्या. "दर दिवाळीला शर्ट स्वतः धुवायचे. मार्करची नावं राहायची, पेन्सिल जायची. वाळला की पट्टी घेऊन बसायचे, परत आखायचे. मी म्हणायची, कशाला दर वर्षाला ही कटकट? ते सर काय खाली बसणार नायत. तर म्हणायचे, बसतील गं. जरा मोठा माणूस आहे, वेळ लागतो."

मी रडलो. सभेत रडलो तसं नव्हे... तोंड वेडंवाकडं करून, नाक गळेपर्यंत. आणि त्याच भरात, सवयच ती, खिशातलं पेन काढलं. वहिनींनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि कपाटावर ठेवलं. उठल्या, माझी खुर्ची उचलली आणि दाराबाहेर नेऊन ठेवली. "आधी दोन मिनिटं," म्हणाल्या. "मी मोजते."

मी गुडघ्यावर आलो. पांढरीच पँट होती. तळहाताची टाच ठेवली, वर दुसरा हात, आणि दाबलं. आवाज आला नाही. "कोपर ताठ," वहिनी म्हणाल्या. पुन्हा दाबलं आणि खट्‌ झालं. त्या शर्टाला अजून त्यांच्या घरच्या साबणाचा वास होता. एक, दोन, तीन... वहिनी मोजत होत्या, अगदी भोईरांच्या तालात. तीसनंतर खांदे भरून आले, पुढे दम लागला, आणि एक मिनिट होऊन थोडं गेलं असेल, मी कोसळून बाजूला बसलो. दोन मिनिटं म्हणजे केवढी मोठी असतात, बापरे! "होईल," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या रविवारी या. सकाळीच या." पाहुण्याला घेऊन जायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. मी निघालो तेव्हा तो सतरंजीवरच होता, आणि त्या त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावत होत्या.

चौकट अजून रिकामी आहे. ही पुरवणी रविवारी सकाळी तुमच्या हातात पडते. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी तिथे गुडघ्यावर असेन.